‘दादा, बघा ना जरा’: रात्रगस्तीवरील एका कॉलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत ही घटना घडली. भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतरची, म्हणजे १ जुलै २०२४ च्या पुढची. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे आणि काही किरकोळ गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. घटनाक्रम मात्र स्टेशन डायरी, फिर्याद आणि दोन्ही अंमलदारांनी वेगवेगळे बसून सांगितलेली हकीकत यांवरून जसा जुळतो तसाच ठेवला आहे.

दोघे बीट मार्शल. एक हवालदार, वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेले, हद्दीतली गल्ली न् गल्ली पाठ असलेले. दुसरा शिपाई, नोकरीचे तिसरे वर्ष, शारीरिक चाचणीत पुढे, कागदपत्रांत नीटनेटका, बोलण्यात संकोची. त्या रात्री दोघांची जोडी पहिल्यांदाच लागली होती. गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. बंदोबस्तावरून परतलेले लोक साप्ताहिक सुट्ट्यांवर होते, काहीजण आजारी रजेवर होते. हवालदारांचा नेहमीचा जोडीदार सुट्टीवर, म्हणून ठाणे अंमलदाराने ड्युटी लावताना या शिपायाचे नाव टाकले. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. आपल्या बहुतेक ठाण्यांत रात्रपाळीच्या जोड्या अशाच लागतात: जो हजर असेल त्याच्याबरोबर.

सोबत एक मोटारसायकल, दोन हेल्मेट, दोन काठ्या, एक बॅटरी आणि एकच वॉकी-टॉकी. सेट हवालदारांच्या कमरेला होता. ११२ या मदत क्रमांकावरच्या कॉलची माहिती दाखवणारे छोटे यंत्र, एमडीटी, शिपायाकडच्या पाऊचमध्ये होते. दोघांकडेही पिस्तूल नव्हते, अंगावर कॅमेरा नव्हता. हजेरीला अधिकाऱ्यांनी चोरीच्या दुचाकी, एटीएम चेक करणे आणि एका तडीपार इसमाबद्दल सूचना दिल्या. कॉलवर गेल्यावर दोघांनी आपसांत काय ठरवायचे, हा विषय हजेरीत निघाला नाही. तो कधीच निघत नसे.

कॉल

रात्री दीडच्या सुमारास एका शेजाऱ्याने ११२ ला फोन केला. असा फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, तिथून माहिती जिल्हा नियंत्रण कक्षाला जाते आणि तिथून घटनास्थळाजवळच्या गाडीच्या एमडीटीवर पडते. एमडीटीवर पडलेला मजकूर होता: नवरा-बायकोचे भांडण, आरडाओरडा, पोलीस मदत हवी.

पत्ता वाचताच हवालदार म्हणाले, “अरे, हे घर माहितीये मला. मागं दोनदा आलोय. दारू पिऊन भांडतो, समज दिली की झोपतो.” गाडी त्यांनीच घेतली, शिपाई मागे बसला.

रस्त्यात असतानाच शेजाऱ्याने दुसऱ्यांदा फोन केला आणि एमडीटीवर नवीन ओळ आली: इसमाच्या हातात हत्यार असल्याचे कॉलर सांगतो. शिपायाने ती वाचली आणि हवालदारांच्या कानाशी वाकून सांगितली. गाडी खड्ड्यांतून चालली होती, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, शेजारून कंपनीच्या बसेस जात होत्या. हवालदारांनी मान हलवली. शिपायाने ती मान ‘समजलं’ अशी घेतली. हवालदारांचे म्हणणे असे, की मागचा पोरगा पत्त्याबद्दलच काहीतरी बोलतोय असे त्यांना वाटले, आणि पत्ता त्यांना ठाऊकच होता.

घटनास्थळी काय घडले

जागा म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ, समोर अरुंद बोळ. खोली साधारण दहा बाय बाराची, एक दार, दाराशेजारी एक गजांची खिडकी, आत एका कोपऱ्यात मोरी. दार आतल्या बाजूला उघडणारे. हवालदारांनी गाडी थेट दारासमोर उभी केली. हेडलाइटचा उजेड दारावर पडला, मग गाडी बंद झाली. हवालदारांनी डोक्यावरचे हेल्मेट काढून डाव्या हातात घेतले. काठ्या गाडीलाच राहिल्या.

बायको बाहेर ओट्यावर होती, कपाळाला लागलेले, पदराने रक्त पुसत होती. भोवती आठ-दहा शेजारी. सगळे एकाच वेळी बोलत होते. आत नवरा आणि त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी. नवरा मूळचा मराठवाड्यातला, पूर्वी ऊसतोडीला जायचा, अलीकडे कंपनीत कंत्राटी कामाला होता.

हवालदार सरळ दाराशी गेले, दार ढकलले आणि म्हणाले, “काय रे, परत सुरू केलंस का? चल, बाहेर ये.” आतून उत्तर आले नाही. नवरा खाटेवर बसला होता, उजवा हात गोधडीखाली. पिवळा बल्ब त्याच्या पाठीमागे असल्याने दारातून त्याचा चेहरा काळोखात होता. मुलगी मोरीजवळ भिंतीला टेकून उभी होती.

शिपाई आधी बायकोशी बोलत होता. मग गर्दी मागे सारता सारता खिडकीजवळ आला आणि तिथून त्याला गोधडीच्या कडेला लाकडी मूठ दिसली. ऊसतोडीचा कोयता.

यापुढचे साधारण अर्धे मिनिट या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून ते जसे शिपायाने सांगितले तसे देतो. तो म्हणाला, “दादा.” हवालदार आत बघत म्हणाले, “थांब जरा.” तो पुन्हा म्हणाला, “दादा, एक मिनिट.” हवालदारांनी हात मागे करून थांबायची खूण केली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “दादा, बघा ना जरा इकडं.” हवालदारांना वाटले, गर्दीतले कोणी मध्ये पडतेय आणि पोराला ते आवरत नाहीये. एवढ्यात मुलगी रडू लागली. हवालदारांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले.

नवरा उठला तो कोयता घेऊनच. दोघांत चारेक फुटांचे अंतर होते. पहिला वार हवालदारांनी सवयीने वर नेलेल्या डाव्या हातातल्या हेल्मेटवर बसला आणि घसरून मनगटाच्या वर लागला. दुसरा वार पडायच्या आत शिपायाने त्यांचा पट्टा मागून धरून ओढले आणि दोघेही ओट्यावरून खाली बोळात पडले. नवऱ्याने आतून दार लोटले. मुलगी आतच राहिली.

समोर असलेले पर्याय

आता चित्र बदलले होते. हवालदारांच्या हातातून रक्त वाहत होते, गर्दी ओरडत होती, आत शस्त्रधारी माणूस आणि मूल. दोघांनी त्या क्षणी ज्या शक्यता तोलल्या, त्या अशा.

काठ्या घेऊन दार तोडून आत शिरणे. गर्दीतले दोन-तीन तरुण त्यासाठी तयारच होते, एकाने तर पहार आणली. मुलीच्या जिवाला धोका आहे, हे या पर्यायामागचे खरे बळ. पण दार आत उघडणारे, खोली अरुंद, आत जाणारा माणूस एका वेळी एकच, आणि पहिला शिरणारा पुन्हा कोयत्यासमोर. शिवाय दार तुटताना आतला माणूस मुलीचे काय करेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

बाहेरून कडी घालून मोबाईल व्हॅनची, म्हणजे ठाण्याच्या गस्तीच्या गाडीची, वाट बघणे. आत तो एकटा असता तर हा सर्वांत चांगला मार्ग होता. मुलगी आत असताना बाहेरून कडी घालणे म्हणजे तिला त्याच्याबरोबर कोंडणे.

हवालदारांना आधी दवाखान्यात नेणे. जखम पाहता हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण गाडी एक, माणसे दोन. शिपाई त्यांना घेऊन गेला असता तर दार गर्दीच्या ताब्यात राहिले असते, आणि पहार तर आलेलीच होती.

दार आणि खिडकी सुरक्षित अंतरावरून धरून ठेवणे, मदत बोलावणे आणि आतल्या माणसाशी बोलत राहणे. त्यांनी हा मार्ग घेतला. तो त्यांनी घेतला तो शांतपणे बसून विचार करून नाही. हवालदारांच्या एका वाक्याने तो ठरला.

केलेली कारवाई

हवालदार भिंतीला टेकून बसले, शेजारणीने दिलेल्या ओढणीने मनगट घट्ट बांधून घेतले, हात उंच धरला आणि शिपायाला म्हणाले, “सेट काढ माझा. कंट्रोलला सांग. आता तू बोल, मी बघतो.”

या वाक्याला मी फार मोल देतो. वीस वर्षांच्या नोकरीचा माणूस, नुकताच वार झालेला, गर्दीसमोर. अशा वेळी राग आणि मानापमान डोक्यात जाणे किती सोपे असते, हे ज्यांनी खाकी घातली आहे त्यांना सांगायला नको. त्यांनी कामे बदलली, आणि बदलली हे तोंडाने स्पष्ट सांगितले.

शिपायाचा वायरलेसवरचा निरोपही चांगला होता. जागा, जवळची खूण, ‘हवालदार जखमी, कोयत्याचा वार, शुद्धीवर आहेत’, ‘आरोपी खोलीत, मुलगी आत’, ‘मोबाईल आणि रुग्णवाहिका पाठवा, सायरन बोळाच्या तोंडाशी बंद करा’. कंट्रोलने निरोप परत म्हणून दाखवला, त्याने ‘बरोबर’ म्हटले. सायरनची सूचना त्याला कोणी शिकवलेली नव्हती. आतल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याला जाणवले होते, की आवाजाने तो बिथरेल.

मग तो खिडकीच्या बाजूला, गजांसमोर न येता, भिंतीच्या आडोशाला उभा राहिला. हवालदार दाराकडे आणि गर्दीकडे बघत होते. गर्दीतल्याच एका वयस्क गृहस्थाला त्यांनी मुलांना आणि पहारवाल्याला बोळाबाहेर न्यायला लावले. शिपाई आतल्या माणसाशी ‘भाऊ’ म्हणून, अहो-जाहो करत बोलू लागला. आधी उत्तर येईना. मग तो माणूस जे बोलला त्यात दारूचा काही संबंध नव्हता. बाहेरचे सगळे मिळून आपल्याला मारणार आहेत, पत्र्यावर माणसे चालतात, रात्रभर नावाने हाका मारतात, असे तो म्हणत होता. बायकोला विचारल्यावर कळले, की त्याला सरकारी रुग्णालयातून मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या आणि पाळ्यांच्या कामात दोन महिन्यांपासून त्या बंद पडल्या होत्या. बरेच दिवस तो धड झोपलाही नव्हता. ही गोष्ट तिने आधी सांगितली नव्हती, कारण तिला ती कोणी विचारली नव्हती.

मोबाईल व्हॅन पंधरा-वीस मिनिटांत आली. उपनिरीक्षकांनी बोळात शिरण्याआधी दोन्ही अंमलदारांकडून माहिती घेतली आणि दोन गोष्टी ठरवल्या. बोलणारा बदलायचा नाही, कारण माणूस शिपायाला उत्तरे देऊ लागला होता. आणि घाई करायची नाही. त्यांनी दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक अंमलदार उभा केला, शेजाऱ्यांकडून एक जाड गादी आणून ढालीसारखी तयार ठेवली, हवालदारांना रुग्णवाहिकेतून पाठवले.

शिपाई म्हणाला, “भाऊ, पोरगी केव्हाची रडतीये. तहान लागली असेल तिला. तिला बाहेर पाठवा, तुम्ही आतच बसा, मी इथंच आहे.” थोड्या वेळाने दार हातभर उघडले आणि मुलगी बाहेर आली. दाराशेजारच्या अंमलदाराला त्या फटीतून आत घुसता आले असते. उपनिरीक्षकांनी हाताने नको म्हटले. शब्द देऊन लगेच मोडला असता तर पुढचे बोलणेच संपले असते.

त्यानंतर बराच वेळ गेला. त्याची थोरली बहीण त्याच गावात राहायची, तिला आणले. बहिणीचा आवाज ऐकल्यावर तो रडू लागला. शेवटी त्याने कोयता खिडकीच्या गजांतून बाहेर टाकला आणि दार उघडले.

परिणाम

हवालदारांच्या मनगटाच्या वरच्या स्नायुबंधाला इजा झाली होती. शस्त्रक्रिया झाली, काही महिन्यांनी ते कामावर आले, पण डाव्या हाताची पकड पूर्वीसारखी नाही. हेल्मेट हातात नसते तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी त्यांना मोकळेपणाने सांगितले. मुलीला आणि इतर कोणाला इजा झाली नाही.

हवालदारांच्या फिर्यादीवरून भारतीय न्याय संहितेच्या कलम १२१ आणि १३२ खाली (कर्तव्यावरील लोकसेवकाला इजा आणि त्याच्यावर हल्ला) गुन्हा दाखल झाला, कोयता पंचनाम्याने जप्त झाला. आरोपीला सकाळपर्यंत कोठडीत ठेवू का, असे ठाणे अंमलदाराने विचारले. उपनिरीक्षकांनी नकार दिला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम १०० त्यांना माहीत होते: मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असे वाटणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचे, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे, आणि कोठडीत ठेवायचे नाही. त्याला त्याच रात्री रुग्णालयात नेले. गुन्ह्याची जबाबदारी त्याच्यावर किती, हे न्याय संहितेच्या कलम २२ च्या (मनोविकल व्यक्तीने केलेले कृत्य) अनुषंगाने न्यायालय ठरवेल.

शिपायाचे काय झाले, हे कोणत्याच कागदावर नाही. त्याला शाबासकी मिळाली, बक्षीसही. पण पुढचे कित्येक दिवस त्याला झोप लागत नव्हती, आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होता: मला कोयता दिसला होता, मी ‘कोयता’ म्हणालो नाही. पोलीस निरीक्षकांनी त्याला बोलावून घेतले, हवालदारांनी घरी जेवायला बोलावले. यातले दुसरे जास्त उपयोगी पडले असे तो सांगतो.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण मोटारसायकलवरचा. हत्यार असल्याची माहिती तंत्राने शेवटच्या अंमलदारापर्यंत पोहोचवली आणि ती शेवटच्या दोन फुटांत हरवली. मान हलवणे म्हणजे निरोप पोहोचणे नव्हे. कंट्रोलशी बोलताना निरोप परत म्हणून दाखवायची शिस्त आपल्या अंगात मुरलेली आहे, याच शिपायाने ती पुढे अर्ध्या तासात उत्तम पाळली. एकाच गाडीवर बसलेल्या दोघांत मात्र ती कोणी पाळत नाही, कारण जवळ बसलेल्याला ऐकू जातेच असे आपण धरून चालतो. गाडी बाजूला घेऊन दहा सेकंद थांबले असते आणि हवालदारांनी “हत्यार आहे म्हणतोस?” एवढे विचारले असते, तर पुढचे बरेच काही वेगळे झाले असते. हवालदार स्वतः सांगतात, की हत्याराचे कळले असते तर काठी गाडीला राहिली नसती आणि ते दारात समोर उभे राहिले नसते.

दुसरा क्षण पोहोचल्यावरचा. दोघेही बोलत होते, एक नवऱ्याशी, एक बायकोशी. बघणारा कोणीच नव्हता. सन १९८४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात एका बागेत किरकोळ कारवाई करताना दोन पोलीस गोळीबारात मारले गेले. त्या घटनेनंतर तिथल्या पोलिसांनी एक पद्धत पक्की केली: एकाने संपर्क करायचा, म्हणजे बोलायचे, लिहून घ्यायचे, झडती घ्यायची, दुसऱ्याने फक्त संरक्षण करायचे, म्हणजे हात, दारे, गर्दी यांवर नजर ठेवायची आणि दुसऱ्या कोणत्याही कामात गुंतायचे नाही. ही पद्धत पुढे बऱ्याच देशांत गेली. आपल्याकडे प्रशिक्षण केंद्रात तिचा उल्लेख होतो, ठाण्यात आल्यावर ती सुटते. सुटण्याचे कारण मला असे दिसते, की नुसते उभे राहून बघणारा अंमलदार आपल्याला काम न करणारा वाटतो. वरिष्ठांनाही आणि त्याला स्वतःलाही. शिपायाला विचारले तर तो म्हणाला, “दादा काम करतायत आणि मी नुसता उभा, ते बरं दिसलं नसतं.”

इथे ओळखीचाही वाटा आहे. घर माहीत असणे ही बीटावरच्या पोलिसाची मोठी ताकद आहे, तिला मी कमी लेखणार नाही. पण मागच्या दोन वेळांचा माणूस हवालदारांनी त्या रात्रीच्या माणसावर ठेवला. गोळ्या बंद पडल्याचे, झोप नसल्याचे त्या जुन्या ओळखीत नव्हते. बायकोला एक प्रश्न, ‘आज काही वेगळं आहे का?’, आत जाण्याआधी विचारता आला असता.

तिसरा क्षण खिडकीचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त थांबू इच्छितो. शिपाई का बोलला नाही? त्याने तीन कारणे सांगितली. ‘कोयता’ असा मोठ्याने शब्द उच्चारला तर आतला माणूस सावध होईल असे त्याला वाटले. दादांना दिसलेच असेल असेही वाटले. आणि तिसरे कारण सांगायला त्याला वेळ लागला: दादा दोनदा थांब म्हणाले होते, मग मी त्यांना लोकांसमोर मागे या कसे म्हणणार?

पहिले कारण विचार करण्याजोगे आहे. पण हत्यार ज्याच्या हातात आहे त्याला ते ठाऊकच असते, न कळलेला माणूस एकटा जोडीदार असतो. दुसरे कारण साफ चुकीचे ठरले, कारण दारातून बल्बचा उजेड डोळ्यांवर येत होता आणि खिडकीतून येत नव्हता. दोन माणसे चार फुटांवर उभी असली तरी दोघांना एकच खोली दिसत नाही, म्हणून तर दोघे पाठवतात. तिसरे कारण मात्र त्या पोराचे नाही, आपल्या खात्याचे आहे. कनिष्ठाने वरिष्ठाला हाक मारायची, लक्ष वेधायचे, आणि वरिष्ठाने विचारले तरच सांगायचे, ही रीत आपण पहिल्या दिवसापासून शिकवतो. ती परेड मैदानावर शोभते. उंबऱ्यावर तिने एका माणसाच्या हाताची पकड घेतली.

अंतराबद्दलही थोडे सांगायला हवे. सन १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका पोलीस प्रशिक्षकाने दाखवून दिले, की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे, आणि त्यावरून पिस्तूल काढायचा नियम बनवणे धोक्याचे आहे. पण चार फुटांवर माणसाला प्रतिक्रिया द्यायला वेळच मिळत नाही, एवढे त्यातून पुरेसे कळते. त्या अंतरावर वाचवतो तो आधी मिळालेला शब्द.

चौथा क्षण, वार झाल्यानंतरचा, आणि पाचवा, उपनिरीक्षकांनी न घुसण्याचा. या दोन्हींबद्दल वर आलेच आहे. एवढेच जोडतो, की हे दोन निर्णय योग्य होते आणि त्यांची नोंद स्टेशन डायरीत एका ओळीचीही नाही. डायरीत ‘शिताफीने ताब्यात घेतले’ असे आहे. त्या शब्दांतून पुढच्या तुकडीला काहीही शिकता येणार नाही.

एक आक्षेप

या प्रकरणावर चर्चा झाली तेव्हा काही जुन्या अंमलदारांनी आक्षेप घेतला: आत मूल रडत असताना पोलीस बाहेर उभा राहून कोण बोलणार, कोण बघणार ठरवत बसेल का? हवालदार आत गेले तेच बरोबर.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. मूल आत असताना थांबणे प्रत्येक वेळी योग्य नसते. मुलीवर प्रत्यक्ष वार होत असता, तर हत्यार असो वा नसो, आत जावेच लागले असते, आणि तसे जाणाऱ्याच्या धैर्याला कोणत्याही प्रकरण अभ्यासाने नावे ठेवू नयेत. पण त्या रात्री हवालदार कोयता पाहून, धोका पत्करून आत गेले नव्हते. ते कोयता न दिसल्यामुळे आत गेले. जाणून घेतलेला धोका आणि न कळलेला धोका यांत फरक आहे, आणि तो फरक जोडीदाराच्या तोंडात होता. शिवाय हवालदार पडल्यावर मुलीजवळ पोहोचण्याची शक्यता वाढली नाही, कमी झाली.

त्यानंतर ठाण्यात काय बदलले

पोलीस निरीक्षकांनी लेखी आदेश काढला नाही. त्यांनी हे प्रकरण दोन्ही अंमलदारांसमोर, त्यांच्याच तोंडून, हजेरीला मांडायला लावले. त्यातून चार सवयी धरल्या गेल्या.

कॉल मिळाला की गाडी सुरू करण्याआधी दोघांनी मोठ्याने ठरवायचे: कोण बोलणार, कोण बघणार. वाटेत नवी माहिती आली तर गाडी थांबवून सांगायची आणि चालवणाऱ्याने ती परत म्हणायची. सेट बघणाऱ्याकडे राहील, बोलणाऱ्याकडे नाही, कारण झटापट झाली तर ती बोलणाऱ्याशी होते. आणि दोघांपैकी कोणीही ‘मागे!’ म्हणाले, की दोघांनी आधी मागे यायचे, कारण नंतर विचारायचे. हे म्हणायला हुद्दा लागत नाही. पहिल्या काही आठवड्यांत दोन तरुण अंमलदारांनी विनाकारण ‘मागे’ म्हटले. एकदा हातात मोबाईल होता, एकदा चिलीम. दोन्ही वेळा त्यांचे वरिष्ठ जोडीदार मागे आले आणि नंतर कोणी त्यांची चेष्टा केली नाही. माझ्या मते ही सवय रुजली ती त्या दोन वेळांमुळे.

हजेरीनंतर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे सराव होतो. ठाण्याच्या मागच्या खोलीत एक अंमलदार खाटेवर बसतो, हात चादरीखाली. जोडी दाराशी येते. चादरीखाली कधी काही असते, कधी नसते. एकाला खिडकीतून दिसते, दुसऱ्याला दारातून दिसत नाही. पहिल्या सरावात ‘दादा, दादा’ अशाच हाका ऐकू आल्या. आता वस्तूचे नाव ऐकू येते.

अजून न सुटलेले

जोडीमागे सेट अजून एकच आहे. दुसऱ्याची मागणी वर गेली आहे. बघणाऱ्याकडे सेट ठेवल्याने अडचण थोडी कमी होते, पण दोघे वेगळे झाले की एकजण मुका होतो. खाजगी फोन आहेत, पण रक्ताने माखलेल्या हाताने कुलूप उघडून नंबर लावणे किती अवघड असते, ते हवालदारांना विचारावे.

जोड्या बदलतात त्या बदलतातच. मनुष्यबळाचे गणित एका ठाण्याला सोडवता येणारे नाही. म्हणून या सवयी ओळखीवर अवलंबून नसाव्यात, अनोळखी जोडीलाही पाच वाक्यांत सांगता याव्यात, असा प्रयत्न आहे. त्यातही एक भोक राहिले आहे: बंदोबस्ताला बाहेरच्या ठाण्यांतून येणारे अंमलदार. त्यांना ‘मागे’चा अर्थ माहीत नसतो आणि त्यांच्या वरिष्ठांना तो रुचेलच असे नाही. गेल्या बंदोबस्तात उपनिरीक्षकांनी पॉइंट वाटतानाच हे सांगायला सुरुवात केली. काहींनी ऐकले, काहींनी घड्याळ पाहिले.

कुटुंबाकडे आता बीट अंमलदार महिन्यातून एकदा जातो आणि गोळ्या चालू आहेत का एवढेच विचारतो. पहिल्या वेळी हे काम त्या शिपायाने मागून घेतले. सोबत हवालदारही गेले होते. शिपाई बहिणीशी बोलत होता, हवालदार दाराच्या बाजूला उभे राहून बघत होते.